रुंदावलेल्या श्वासनलिका

क्षय, दमा आणि न्युमोनिया ही फुप्फुसांच्या रोगांची नावे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत. ह्या तिन्हींच्या सावलीत राहणारा आणखी एक रोग आहे. त्याचे नाव सामान्य माणसाच्या कानावर क्वचितच पडते. आणि ज्याला तो जडलेला असतो, त्यालाही आपल्या दुखण्याचे खरे नाव पुष्कळदा कित्येक वर्षे कळत नाही. वैद्यकात ह्या रोगाला 'ब्राँकिएक्टॅसिस' म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतून आलेला असून 'श्वासनलिका' आणि 'ताणून विस्तारणे' ह्या अर्थांच्या दोन शब्दांचा तो समास आहे. मराठीत त्याला श्वासनलिका-विस्फार असे म्हणता येते. विस्फार हा शब्द आपण एरवी डोळ्यांच्या बाबतीत वापरतो. विस्फारलेले डोळे क्षणभराने पूर्ववत होतात. प्रौढ माणसाच्या विस्फारलेल्या श्वासनलिका मात्र सहसा पूर्ववत होत नाहीत. ह्या एका फरकातून रोगाचे स्वरूप आणि त्यावरील उपचारांची दिशा, दोन्ही समजू शकतात.

प्रथम हा रोग प्रत्यक्षात कसा भेटतो ते पाहू. बंगळूर शहराच्या आग्नेय भागात कोरमंगल्याकडून निघून अनेकल तालुक्यातील सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड हा गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढलेला भाग आहे. संगणक-व्यवसायात काम करणारी देशभरातील कुटुंबे तेथे राहावयास आली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत, आणि त्यांच्यापाशी येऊन राहिलेले आईवडीलही आहेत. अशाच एखाद्या घरातील सत्तरीच्या आजोबांचे चित्र कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. चाळीस वर्षांपूर्वी, सातारा जिल्ह्यात नोकरीला असताना, त्यांना क्षय झाला होता. इंजेक्शने आणि गोळ्या घेऊन तो बराही झाला. तेव्हापासून रोज सकाळी उठल्यावर अर्धा तास त्यांना खोकला येतो आणि लहान वाटीभर पिवळसर कफ पडतो. मग दिवस बरा जातो. पावसाळ्यात आणि थंडीत कफ वाढतो, ताप येतो, धाप लागते.

घरातली माणसे म्हणतात, हा बांधकामांच्या धुळीचा आणि वाहनांच्या धुराचा परिणाम आहे. शेजारी म्हणतात, बंगळूरची हवा सोसत नाही, दमाच असणार. एक डॉक्टर क्ष-किरण चित्रातील जुने डाग पाहून क्षय उलटल्याची शंका घेतात. दुसरे प्रतिजैविकांचा पाच दिवसांचा क्रम देतात. बरे वाटते, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. ह्यांपैकी प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य असू शकते. पण ह्या सर्व तुकड्यांना एकत्र बांधणारे निदान कोणी केलेले नसते. ते समजण्यासाठी श्वासनलिकेचे नित्याचे काम आधी समजून घ्यावे लागेल.

श्वासनलिकेची स्वच्छता

घशाखालून निघालेली मुख्य श्वासनाल छातीत दोन शाखांत विभागते. त्या शाखांना उपशाखा फुटतात, त्यांना आणखी फाटे फुटतात; असे सुमारे तेवीस वेळा होते आणि शेवटी कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांत हा वृक्ष संपतो. एक प्रौढ माणूस दिवसाकाठी दहा हजार लिटरांहून अधिक हवा ह्या वृक्षातून आतबाहेर नेतो. त्या हवेबरोबर धूळ, धूर, परागकण, बुरशीची बीजे आणि जंतू आत येतात. तरीही निरोगी माणसाच्या खालच्या श्वासनलिका बऱ्याच स्वच्छ राहतात, ह्याचे श्रेय एका अविश्रांत यंत्रणेला आहे.

श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर श्लेष्म्याचा, म्हणजे चिकट द्रवाचा, पातळ थर असतो. हवेतील कण त्याला चिकटतात. ह्या थराखाली अस्तरातील पेशींवर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात; त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. एकेका पेशीवर सुमारे दोनशे पक्ष्माभिका असतात आणि त्या दर सेकंदाला दहा-वीस वेळा एका दिशेने झुलतात. वाऱ्याने भाताच्या शेतावरून लाट जावी तशी त्यांची हालचाल होते आणि श्लेष्म्याचा थर, त्यात अडकलेल्या कचऱ्यासह, हळूहळू घशाकडे ढकलला जातो. तेथे पोचलेला श्लेष्मा आपण नकळत गिळून टाकतो. काही मोठा कण आलाच तर खोकला येतो. खोकल्याच्या क्षणी नलिका किंचित आकुंचन पावतात, हवेचा वेग वाढतो आणि कण उडवला जातो.

विस्फाराचे दुष्टचक्र

आता ह्या यंत्रणेचा एखादा भाग बिघडला असे समजू. एखाद्या तीव्र संसर्गाने पक्ष्माभिका नष्ट झाल्या, किंवा जन्मतःच त्या नीट झुलत नाहीत, किंवा एखादी नलिका बाहेरून दाबली गेली. श्लेष्मा पुढे सरकत नाही, तो साचतो. साचलेल्या श्लेष्म्यात जंतू वाढतात. त्यांचा नाश करण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात आणि प्रथिने विरघळवणारी तीव्र विकरे सोडतात. ही विकरे जंतूंवर जशी चालतात तशीच नलिकेच्या भिंतीवरही चालतात. भिंतीतील लवचिक तंतू, स्नायू आणि कूर्चा झिजतात. आतून आधार गेलेली भिंत सभोवतालच्या फुप्फुसाच्या ओढीमुळे बाहेर ताणली जाते आणि नलिका कायमची रुंद होते. रुंद झालेल्या भागात श्लेष्मा आणखी साचतो, जंतू आणखी वाढतात, आणि पुन्हा तेच सुरू होते. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातील पीटर कोल ह्यांनी १९८० च्या दशकात ह्या घटनाक्रमाला दुष्टचक्राचे रूप दिले. चक्राची सुरुवात कोठूनही झाली तरी शेवटी ते त्याच वाटेने फिरते, हे त्यांच्या मांडणीचे सार होय. आजचे संशोधक ह्यालाच भोवरा म्हणणे पसंत करतात. कारण ह्या घटना एकामागून एक न होता परस्परांना एकाच वेळी ओढत असतात.

येथे वाचकाच्या मनात एक स्वाभाविक शंका येईल. नळी रुंद झाली तर तिच्यातून हवा आणि कफ अधिक सहज वाहावयास नको काय? दम्यात नलिका अरुंद होतात म्हणून त्रास होतो. मग रुंद झाल्यावर त्रास का व्हावा?

ह्याचे उत्तर सर्जापूर रोडच्या परिसरातील पाण्याच्या व्यवस्थेत पाहता येते. आगर, इब्बलूर, बेळ्ळंदूर ह्या बाजूला जुन्या तळ्यांची साखळी आहे. एका तळ्याचे जादा पाणी दुसऱ्या तळ्यात नेणाऱ्या ओढ्यांना कानडीत 'राजकालुवे' म्हणतात. ओढा अरुंद आणि उताराचा असेल तेथे पाणी वेगाने जाते व गाळ वाहून नेते. तोच प्रवाह तळ्यात शिरून पसरला की त्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. तळ्यात सांडपाणी येत राहिले, गाळ निघाला नाही, तर काय होते तेही बंगळूरने पाहिले आहे. बेळ्ळंदूर तळ्यावर फेसाचे डोंगर उभे राहिले आणि फेब्रुवारी २०१७ व जानेवारी २०१८ मध्ये तळ्याच्या परिसरात आग भडकली. श्वासनलिकेचेही असेच आहे. रुंद भागात हवेचा वेग घटतो. झिजलेली भिंत खोकताना टणक राहत नाही, ती ढिली पडते आणि खोकल्याचे बळ वाया जाते. पक्ष्माभिकांचा सरकता पट्टा तर आधीच तुटलेला असतो. त्यामुळे प्रवाहाच्या मार्गाचे डबके होते. उपमा येथपर्यंतच न्यावी. तळे उपसून पुन्हा स्वच्छ करता येते. श्वासनलिका एकदा उपसून काम भागत नाही, कारण तिच्यात श्लेष्मा अखंड पाझरत असतो. म्हणून ती रोज उपसावी लागते.

रोगाची ओळख कशी पटत गेली

ह्या रोगाचे पहिले व्यवस्थित वर्णन फ्रेंच वैद्य रने लाएनेक ह्यांनी केले. १८१६ मध्ये त्यांनी स्टेथोस्कोप शोधून काढला आणि १८१९ मध्ये छातीतील आवाजांवरचा आपला विख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाच्या छातीतून जिवंतपणी ऐकू आलेले आवाज आणि मृत्यूनंतर फुप्फुसात दिसलेले बदल ह्यांची सांगड घालताना त्यांना ह्या रुंदावलेल्या नलिका आढळल्या. त्यानंतर शंभर वर्षे हा रोग प्रामुख्याने शवविच्छेदनातच निश्चितपणे दिसत असे. १९२२ मध्ये फ्रान्समध्ये सिकार आणि फोरेस्त्ये ह्यांनी आयोडीनयुक्त तेल श्वासनलिकांत सोडून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत आणली आणि जिवंत माणसातील विस्फार प्रथमच डोळ्यांना दिसू लागला. ही तपासणी रुग्णाला फार त्रासदायक होती. १९५० मध्ये लिन रीड ह्या संशोधिकेने विस्फाराचे तीन आकार वर्णन केले: नळकांड्यासारखा सरळ, शिरेच्या गाठींसारखा वेडावाकडा आणि पिशवीसारखा फुगलेला. हे वर्गीकरण आजही वापरात आहे. १९८० च्या दशकात सूक्ष्मदर्शी सीटी स्कॅन आले आणि तेलाची चित्रे इतिहासजमा झाली.

भारतीय परंपरेत खोकल्याचा विचार जुनाच आहे. आयुर्वेदाने कासाचे पाच प्रकार मानले आणि त्यांत कफापासून, क्षतापासून व क्षयापासून होणारे कास वेगळे सांगितले. आजच्या रोगनावांशी त्यांची एकास एक जोडी लावणे योग्य होणार नाही. तथापि सगळे खोकले सारखे नसतात, हे भान आपल्याकडे किती जुने आहे ते ह्यावरून दिसते.

कारणे आणि भारतातील चित्र

श्वासनलिका-विस्फार हा अनेक वाटांनी गाठला जाणारा एकच मुक्काम आहे. लहानपणी झालेला गंभीर न्युमोनिया, गोवर किंवा डांग्या खोकला ही एक वाट. श्वासमार्गात अडकून राहिलेला शेंगदाणा किंवा सुपारीचे खांड ही दुसरी. मूल एकदा जोराने ठसकते, मग शांत होते, आणि अडकलेल्या वस्तूच्या पलीकडचा भाग महिनोन्महिने सडत राहतो. काही मुलांच्या पक्ष्माभिका जन्मतः सदोष असतात. त्यांतल्या कित्येकांचे हृदय उजव्या बाजूला असते. हृदयाची उलट बाजू, नाकाच्या पोकळ्यांचा विकार आणि श्वासनलिका-विस्फार ह्या त्रिकुटाला १९३३ मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या कार्टागेनेर ह्यांचे नाव मिळाले. काहींची प्रतिकारशक्ती जन्मतः उणी असते. सिस्टिक फायब्रोसिस ह्या आनुवंशिक रोगात श्लेष्माच अतिशय घट्ट असतो. काही दमेकऱ्यांच्या नलिकांत ॲस्परजिलस नावाची बुरशी ठाण मांडते, शरीर तिच्याशी ॲलर्जीच्या रूपाने झगडते आणि त्या झगड्यात नलिका रुंदावतात. संधिवातासारख्या विकारांतही हा रोग उद्भवतो. आणि पुष्कळ रुग्णांत सर्व तपासण्या करूनही कारण सापडत नाही.

भारतात ह्या सर्व वाटांपेक्षा अधिक रुळलेली वाट क्षयाची आहे. देशातील ३१ केंद्रांत २०१५ ते २०१७ ह्या काळात नोंदलेल्या २,१९५ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांतील ३५.५ टक्के रुग्णांत विस्फाराचे कारण पूर्वीचा क्षय हे होते. त्याखालोखाल इतर संसर्गांनंतर झालेला विस्फार सुमारे २२ टक्के होता. युरोप-अमेरिकेतील रुग्णांपेक्षा भारतीय रुग्ण वयाने लहान होते. निम्मे रुग्ण ५६ वर्षांच्या आतबाहेरच्या वयाच्या खालचे होते. तिकडे स्त्रियांचे प्रमाण अधिक, तर येथे पुरुषांचे अधिक होते. ह्याचा अर्थ असा की कमावत्या वयातील माणसे ह्या रोगाचे ओझे वाहत आहेत. ह्या रुग्णांसाठी सुचवल्या जाणाऱ्या कित्येक मूलभूत तपासण्या प्रत्यक्षात क्वचितच होतात, हेही त्या अभ्यासातून दिसून आले.

क्षयाचे जंतू फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळ्या आणि व्रण करतात. औषधांनी जंतू मरतात. व्रण मात्र भरताना आकसतो आणि शेजारच्या नलिकांना ओढून रुंद करतो. सरकारी नोंदवहीत रुग्णाच्या नावापुढे 'बरा झाला' अशी नोंद होते आणि ती खरीच असते. तथापि त्याचे फुप्फुस पूर्वीसारखे झाले, असा त्या नोंदीचा अर्थ नाही. क्षयाचा उपचार जेथे संपतो तेथे अनेकांच्या ह्या दुसऱ्या रोगाची सुरुवात होते, आणि तेव्हा त्यांच्याकडे पाहणारे कोणी उरलेले नसते.

तुमकूरचा धडा

ह्या संदर्भात बंगळूरच्याच इतिहासातील एक प्रकरण आठवण्यासारखे आहे. १९५९ मध्ये बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. त्याच सुमारास मद्रासमधील अभ्यासाने हे सिद्ध केले की क्षयाचा रुग्ण घरी राहून औषधे घेऊनही आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो. तोवर मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांत महिनोन्महिने राहणे हाच उपचाराचा मुख्य मार्ग समजला जाई. आता प्रश्न उरला तो गावोगावचे रुग्ण शोधण्याचा. खेड्यातील माणसाला आपल्या आजाराची जाणीवच नसते, असा त्या काळी समज होता.

बंगळूरच्या संस्थेतील देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन ह्यांनी शेजारच्या तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत जाऊन क्षयाच्या रुग्णांशी प्रत्यक्ष बोलून पाहिले. त्यांचा निबंध १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुसंख्य रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि सुमारे निम्मे रुग्ण आपण होऊन दवाखान्यात जाऊन आलेही होते. तेथे मात्र त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवण्यात येत असे. उणीव रुग्णाच्या जाणिवेत नव्हती; त्याचे म्हणणे ऐकून थुंकी तपासण्याची तसदी न घेणाऱ्या व्यवस्थेत होती. साधा खोकला घेऊन आलेल्या माणसाची थुंकी जवळच्या दवाखान्यातच तपासावी, हे सूत्र पुढे १९६२ पासून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या मुळाशी राहिले.

आज क्षयाच्या बाबतीत ही शिकवण बरीचशी अंगवळणी पडली आहे. पण क्षय नाही असे ठरल्यावर त्याच खोकल्याचे पुढे काय होते? पुष्कळदा तीच बाटली पुन्हा हाती पडते. खोकला दाबणारे औषध तर ह्या रोगात उलट हानी करू शकते. कारण साचलेला कफ बाहेर टाकण्याचे उरलेले एकमेव साधन म्हणजे खोकलाच होय.

निदान

दोन महिन्यांहून अधिक काळ रोज कफ पडत असेल, छातीचे संसर्ग वारंवार होत असतील, कफाला दुर्गंधी येत असेल किंवा त्यात अधूनमधून रक्त दिसत असेल, तर श्वासनलिका-विस्फाराचा विचार व्हावयास हवा. कूस बदलताच खोकल्याची उबळ येणे हेही एक लक्षण आहे. काहींच्या बोटांची टोके फुगीर होतात आणि नखे बहिर्गोल दिसतात. जुन्या काळचे वैद्य कफ काचेच्या भांड्यात ठेवून पाहत. वर फेस, मध्ये पातळ श्लेष्मा आणि तळाशी पू असे तीन थर त्यात दिसत. क्षयानंतरच्या विस्फारात मात्र कफ अगदी थोडा असू शकतो. वरच्या भागातील कफ उभ्या माणसात आपोआप खाली निथळतो. अशा रुग्णात कधीकधी रक्त पडणे हेच पहिले लक्षण असते.

साध्या क्ष-किरण चित्रात रोग स्पष्ट दिसेलच असे नाही. निश्चिती सीटी स्कॅननेच होते. प्रत्येक श्वासनलिकेबरोबर एक रक्तवाहिनी चालत असते आणि निरोगी फुप्फुसात दोघींची जाडी जवळजवळ सारखी असते. विस्फारात नलिका शेजारणीपेक्षा मोठी दिसते. आडव्या छेदात ते दृश्य खडा बसवलेल्या अंगठीसारखे असते. विस्फार कोठे आहे ह्यावरून कारणाचा सुगावा लागतो: वरच्या भागात असेल तर क्षयाकडे, मध्यवर्ती मोठ्या नलिकांत असेल तर बुरशीच्या ॲलर्जीकडे, खालच्या भागात असेल तर बालपणीच्या संसर्गाकडे किंवा अन्ननलिकेतून वर येणाऱ्या पित्ताकडे लक्ष जाते.

निदान येथे संपत नाही. कफाची जंतुपरीक्षा करून कोणता जंतू वाढतो आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो हे पाहावे लागते. वर उल्लेखिलेल्या भारतीय अभ्यासात सर्वांत अधिक वेळा सापडलेला जंतू स्यूडोमोनास हा होता. तो ओलाव्यात फोफावणारा चिवट जंतू असून नेहमीच्या अनेक प्रतिजैविकांना जुमानत नाही. क्षय उलटला असल्याची शंका असेल तर तिची शहानिशा कफातील जंतूंच्या रेणवीय तपासणीने करावी. ही तपासणी आता सरकारी केंद्रांत उपलब्ध आहे. जुन्या डागांच्या आधारावर, कफ न तपासता, क्षयाची औषधे पुन्हा सुरू करणे म्हणजे रुग्णाला विनाकारण सहा महिने तीव्र औषधे देण्यासारखे आहे. क्षयजंतूंचे भाऊबंद असलेले काही अन्य जंतूही विस्फारलेल्या नलिकांत राहतात, आणि त्यांचा उपचार सर्वस्वी वेगळा असतो.

हे सर्व करावयास मोठी साधने आपल्या आसपासच असतात. सर्जापूर रोडवरच, कोरमंगल्याच्या बाजूला, १९६३ मध्ये सुरू झालेले सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. महाराष्ट्रातही वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत छातीच्या विकारांचे विभाग आहेत. योग्य प्रश्न घेऊन तेथवर पोचणे हे अधिक अवघड असते.

उपचार

ह्या रोगाच्या उपचारात एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून तीच सर्वांत अधिक दुर्लक्षित राहते. ती म्हणजे रोज, ठरल्या वेळी, फुप्फुसे साफ करणे. श्वसन-भौतिकोपचाराचे तज्ज्ञ ह्याच्या पद्धती शिकवतात. एका पद्धतीत रुग्ण प्रथम शांतपणे पोटाने श्वास घेतो, मग छाती पूर्ण फुगवून दोन-तीन खोल श्वास घेतो आणि क्षणभर थांबतो. त्यानंतर, आरशावर वाफ धरताना आपण सोडतो तसा, तोंड उघडे ठेवून जोराचा उच्छ्वास सोडतो. ह्यामुळे खोलवरचा कफ मोठ्या नलिकांत येतो आणि मग थोडक्या खोकल्यात बाहेर पडतो. दुसऱ्या पद्धतीत विस्फारलेला भाग वर येईल अशा स्थितीत शरीर ठेवून कफ गुरुत्वाकर्षणाने निथळू देतात. ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभापासून वापरात आहे. मात्र हृदयविकार असलेल्यांनी किंवा नुकतेच रक्त पडलेल्यांनी ती परस्पर करू नये. फुंकल्यावर हवेत कंपने निर्माण करणारी लहान हातात धरण्याची उपकरणेही मिळतात. मिठाच्या पाण्याची वाफ यंत्राने घेतल्यास काहींचा कफ सैल होतो. ह्या सर्वांच्या जोडीला चालण्याचा नियमित व्यायाम आणि पोषक आहार हवा.

कफ वाढला, त्याचा रंग गडद झाला, धाप वाढली की तो रोगाचा उद्रेक समजावा. अशा वेळी कफ तपासावयास देऊन जंतूला अनुरूप प्रतिजैविक साधारणपणे दोन आठवडे घ्यावे लागते. दोन-तीन दिवसांत बरे वाटले म्हणून क्रम अर्ध्यावर सोडल्यास चिवट जंतू तेवढे मागे उरतात. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा उद्रेक होत असतील तर काही प्रतिजैविके कमी मात्रेत दीर्घकाळ देतात; परंतु त्यापूर्वी क्षयजंतूंचे वर सांगितलेले भाऊबंद फुप्फुसात नाहीत ना, हे पाहणे अत्यावश्यक असते. दम्यासाठी ओढण्याची स्टेरॉइड औषधे, दमा किंवा बुरशीची ॲलर्जी नसताना, ह्या रोगात सर्रास वापरू नयेत असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. रक्त अधिक पडले तर ती तातडीची बाब समजून रुग्णालय गाठावे. रक्तस्राव करणारी धमनी आतून बंद करण्याचे तंत्र आज उपलब्ध आहे. रोग फुप्फुसाच्या एकाच लहान भागापुरता असेल आणि औषधांना दाद देत नसेल तर तो भाग शस्त्रक्रियेने काढता येतो.

ह्या रोगासाठीच म्हणून तयार झालेले पहिले औषध, ब्रेन्सोकॅटिब, ह्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता दिली. पांढऱ्या पेशींची ती भिंत झिजवणारी विकरे सक्रिय होऊ नयेत असे त्याचे कार्य आहे; म्हणजे कोल ह्यांच्या दुष्टचक्रातील नेमका एक दुवा ते पकडते. त्याने उद्रेक कमी होतात. रुंदावलेल्या नलिका मात्र पुन्हा अरुंद होत नाहीत, आणि रोजच्या सफाईची गरजही संपत नाही.

प्रतिबंधाचा विचार करताना लसींचा उल्लेख प्रथम करावा लागेल. १९८५ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लसी आल्या, आणि २०१७ पासून टप्प्याटप्प्याने न्युमोकॉकस जंतूविरुद्धची लस आली. ज्या बालकाला हे रोग झाले नाहीत, त्याच्या पन्नाशीतील फुप्फुसांचेही त्यामुळे रक्षण झाले असे म्हणावयास हरकत नाही. क्षयाचे निदान जितके लवकर, तितका व्रण लहान आणि विस्फारही कमी. धुळीने आणि धुराने हा रोग होतो असे सरसकट म्हणता येत नाही. परंतु विस्फारलेल्या नलिकांना ती दोन्ही अधिक बाधतात. म्हणून आपल्या कल्पनेतील आजोबांच्या घरच्यांनी खिडक्या बंद ठेवण्यात चूक काहीच नाही, मात्र तेवढ्यावर थांबू नये. तंबाखूचा धूर तर पूर्णपणे टाळावा, आणि दरवर्षी फ्लूची लस घेण्याबाबत डॉक्टरांना विचारावे.

ज्या घरात असा वर्षानुवर्षांचा खोकला आहे, त्या घरातील माणसांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. हा श्वासनलिका-विस्फार असू शकेल काय? कफाची जंतुपरीक्षा झाली आहे काय? आणि कफ काढण्याची पद्धत आम्हांला कोण शिकवील? पूर्वी क्षय होऊन गेला असल्यास ते आवर्जून सांगावे. बरा झालेला रोग म्हणून तो लपवू नये किंवा विसरू नये. विस्फार उलटवता येत नसला तरी त्याला रोखता येते, आणि ज्यांचे निदान वेळेवर झाले व ज्यांनी सफाईचा नेम मोडला नाही, अशी असंख्य माणसे आपली कामे करीत दीर्घ आयुष्य जगत आहेत.